संतश्रेष्ठ श्री चोखामेळा महाराज : जीवन आणि अभंगवाणी

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे चंद्रभागेचे स्नान उरकून भाविक श्रीविठ्ठलाच्या दर्शनास निघतो, तेव्हा महाद्वारापाशी त्याचे मस्तक दोन ठिकाणी नम्र होते. एक ठिकाण म्हणजे श्री नामदेव महाराजांची पायरी आणि दुसरे तिच्यासमोर असलेली श्री चोखामेळा महाराजांची समाधी. नामदेवराय पायरीशी राहिले ते स्वतःच्या इच्छेने. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी एवढीच त्यांची आस होती. चोखोबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना हयातभर त्या दारातून आत जाण्याची मनाई होती. ज्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याच्या समाधीला हात जोडल्यावाचून आज खरा वारकरी पुढे जात नाही. हे कसे घडले, ते चोखोबांच्या चरित्रावरून कळते. आपल्या गावाने मंदिराचा जीर्णोद्धार करून पुण्यकार्य पूर्णत्वास नेले आहे. अशा मंगल प्रसंगी या थोर पुरुषाचे स्मरण करणे सर्वथा उचित होय.

चोखोबांचे जन्मस्थान म्हणून विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव परंपरेने मानले जाते. त्यांचे आयुष्य गेले ते मात्र सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यास. मंगळवेढा ही मोठी पुण्यभूमी आहे. पुढील काळात दुष्काळात सरकारी कोठारे गोरगरिबांसाठी खुली करणारे दामाजीपंत याच भूमीत झाले आणि संत कान्होपात्राही येथलीच. पंढरपूर येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. दिवस उगवायच्या आत निघालेला माणूस दुपारपर्यंत पायी पंढरीस पोचावा एवढेच हे अंतर.

चोखोबांचा जन्म महार कुळात झाला. त्या काळी गावगाड्याची जी रीत होती तीत महारांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची वस्ती आणि गावाची सर्व कष्टाची कामे येत. मेलेली जनावरे ओढून नेणे, वेस राखणे, सांगावा घेऊन परगावी धावणे, गावाचे कुसू पडले तर ते पुन्हा उभारणे ही कामे त्यांनी बिनतक्रार करावीत आणि त्याबद्दल उरलेसुरले अन्न घ्यावे, अशी चाल होती. त्यांची सावली पडली तरी विटाळ मानीत. गावची विहीर, गावचे देऊळ आणि गावची पंगत या तिन्ही ठिकाणी त्यांना मज्जाव होता. वेद आणि शास्त्रे संस्कृतात होती आणि त्या भाषेचा दरवाजा तर बहुतेक सर्वच शेतकऱ्या-कारागिरांना बंद होता. मग गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा!

परंतु त्याच सुमारास महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडत होती. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, श्री ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील आपली टीका मराठी ओवीत सांगितली आणि ज्ञान लोकांच्या बोलीत आले. त्यांच्या भोवती आणि त्यांच्या मागून जी संतमंडळी उभी राहिली ती अठरापगड जातींची होती. अरणगावचे सावता महाराज माळी, तेरचे गोरोबाकाका कुंभार, नामदेवराय शिंपी, नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी. जनाबाई तर नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी. या सर्वांनी आपापल्या धंद्यातले शब्द घेऊन परमार्थ सांगितला. कुंभाराला परमार्थ चाकावर आणि मातीत दिसला, माळ्याला मळ्यात दिसला, सोनाराला मुशीत दिसला. त्यासाठी त्यांना कोणाच्या पोथीची परवानगी घ्यावी लागली नाही.

या संतांचे साधन होते अभंग. अभंगाची बांधणी मोठी सोपी आणि तितकीच पक्की आहे. मोठ्या अभंगात एका कडव्याचे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि शेवटच्यात चार, तसेच दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळलेले. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. जात्यावर बसलेल्या बाईला, नांगर धरलेल्या माणसाला आणि टाळ वाजवणाऱ्या वारकऱ्याला हे माप आपोआप साधते. एकदा ऐकले की निम्मे पाठ होते आणि दोनदा म्हटले की कायमचे बसते. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या हाती ही जणू न लिहिलेली पोथीच आली. ती ठेवायला सोवळे लागत नाही, देव्हारा लागत नाही; कंठ असला म्हणजे पुरे.

चोखोबा पंढरीच्या वाऱ्या करीत. अशाच एका वारीत त्यांनी नामदेवरायांचे कीर्तन ऐकले आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. नामदेवांना त्यांनी गुरू मानले. नामदेवांनीही जातीचा विचार न करता त्यांना आपल्या मेळ्यात घेतले. वाळवंटातील कीर्तनात चोखोबांना जागा मिळाली. परंतु वाळवंट संपून महाद्वार आले की तेथे नामदेवांचाही इलाज चालत नसे. सर्व संत आत जात आणि चोखोबा बाहेर उभे राहून कळसाकडे पाहत. पुढे ते चंद्रभागेच्या पैलतीरी राहू लागले आणि तेथे त्यांनी दीपमाळ उभारली असे परंपरा सांगते. देवाला जवळून ओवाळता येत नाही, तेव्हा दुरून तरी उजेड दिसावा, असाच भाव त्यामागे असला पाहिजे.

चोखोबांच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. ताहराबादचे महिपतीबुवा यांनी इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय या ग्रंथात त्यांतील काही आल्या आहेत. एके रात्री प्रत्यक्ष पांडुरंगाने हाताला धरून चोखोबांना गाभाऱ्यात नेले. सकाळी हे उघडकीस येताच बडव्यांनी त्यांना फार बोल लावले. दुसरी कथा पैलतीरावरची आहे. चोखोबा झाडाखाली जेवायला बसले असता देव त्यांच्या पानाशी येऊन बसले. वाढताना त्यांच्या पत्नीच्या हातून दही सांडले. चोखोबा देवाशी जे बोलले ते एका पुजाऱ्याने ऐकले आणि रागाच्या भरात चोखोबांच्या थोबाडीत मारली. तोच पुजारी मंदिरात येऊन पाहतो तर विठ्ठलाचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही सांडलेले. लोकपरंपरेत आणखी एक कथा आहे. देवाच्या गळ्यातील हार चोरल्याचा आळ चोखोबांवर आला आणि त्यांना बैलांच्या पायाशी बांधून फरफटत नेण्याची शिक्षा झाली. परंतु काही केल्या बैल जागचे हालेनात.

या कथा शब्दशः घ्याव्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. त्यांतील बोध मात्र एकच आहे. चोखोबांच्या गालावर मारलेली चपराक देवाच्या गालावर उठते. माणसाचा अपमान करून देवाची पूजा करणाऱ्याची पूजा पोचत नाही. शेकडो वर्षे गावोगावच्या कीर्तनकारांनी ही कथा सांगितली आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते पाणी पुसून उठल्यावर त्याच श्रोत्यांनी आपल्या गावच्या चोखोबाला पुन्हा पायरीखालीच उभे केले, हेही विसरून चालणार नाही.

आता चोखोबांच्या अभंगांकडे वळू. त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन आहे, पंढरीचे माहात्म्य आहे, नामाचा महिमा आहे. जोहार नावाच्या रचनाही आहेत. महाराने गावच्या वरिष्ठांना जोहार घालून अदबीने बोलावे अशी रीत होती. चोखोबांनी तीच रीत उचलून देवाच्या आणि संतांच्या दारी नेली. गावाने जी लाचारी त्यांच्यावर लादली तिचेच त्यांनी भक्तीत रूपांतर केले. सुमारे अडीचशे वर्षांनी पैठणच्या श्री एकनाथ महाराजांनीही आपल्या भारुडांत जोहार घातला आणि महाराच्या मुखातून भल्याभल्यांना ब्रह्मज्ञान ऐकवले.

चोखोबांचा सर्वांत गाजलेला अभंग उसाचा आहे. शेतात वाकड्यातिकड्या वाढलेल्या उसाकडे बोट दाखवून ते त्यातील रसाच्या गोडीची आठवण देतात. असेच नदीच्या वळणांचे आणि धनुष्याच्या बाकाचे दाखले देऊन वरच्या रूपाला भुलणाऱ्यांची ते समजूत काढतात. यात शास्त्रार्थाचा एक शब्द नाही. ज्याने ऊस खाल्ला आहे त्या प्रत्येकाला वाद न घालता हे पटते. मोठमोठ्या पंडितांनी आत्मा आणि देह यांवर ग्रंथ लिहिले. चोखोबांनी तो सिद्धांत उसाच्या कांड्यात बसवला.

दुसरे अभंग विटाळावरचे आहेत. विटाळ कोठे आहे आणि कोठे नाही, याचा शोध चोखोबा घेतात. जन्म विटाळातून, मरण विटाळात, सारा देहच विटाळाचा बनलेला, तर मग या जगात सोवळा कोण, असा त्यांचा सवाल आहे. हा सवाल करणाऱ्याच्या हाती ना पद होते ना शस्त्र. म्हणून तो त्यांनी अभंगात घातला आणि अभंग लोकांच्या तोंडी दिला. त्याचे उत्तर आजवर कोणालाही देता आलेले नाही.

चोखोबा नेहमीच शांत बोलत नाहीत. कित्येक अभंगांत ते देवाशी भांडतात. असाच जन्म द्यायचा होता तर दिलाच कशाला, असे विचारतात. काही ठिकाणी मात्र ते आपल्या हलक्या जन्माचा दोष मागील जन्मीच्या कर्माला देतात. ही समजूत त्या काळाची होती आणि पुढच्या पिढीतील पुष्कळांना ती मान्य झाली नाही. होण्याचे कारणही नाही. पण चोखोबांचा मोठेपणा असा की दुःख झाकून त्यांनी भक्ती सांगितली नाही. दुःख जसेच्या तसे देवापुढे ठेवले आणि तरीही देवाचा हात सोडला नाही.

चोखोबांचे सारे घरच कवींचे होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांचे अभंग उपलब्ध आहेत. सोयराबाईंचे अभंग साठीच्या घरात आहेत. संसाराची ओढाताण, घरी आलेल्या अतिथीची चिंता, अपत्यासाठी देवाकडे केलेले मागणे असे साधे विषय त्यांत येतात. पण त्याच बाई विटाळाविषयी बोलू लागल्या की भले भले निरुत्तर व्हावेत. देहाचा विटाळ देहातच असतो, देहावाचून जन्मलेला कोणी दाखवा, असा त्यांचा रोख आहे. सोयराबाई प्रसूत होताना घरात कोणी नव्हते, तेव्हा विठ्ठल नणंद निर्मळेच्या रूपाने येऊन त्यांचे बाळंतपण करून गेले, अशी आख्यायिका आहे. ते बाळ म्हणजे कर्ममेळा. या कर्ममेळ्याची वाणी बापापेक्षा तिखट आहे. आम्हाला उष्टे खायला लावणाऱ्या देवाला लाज कशी वाटत नाही, असे तो सरळ विचारतो. बापाने विनवणी केली, लेकाने जाब विचारला. एकाच घरात एका पिढीत झालेला हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

ज्यांना पाटीला हात लावू दिला नाही त्यांचे हे अभंग टिकले कसे? परंपरा असे सांगते की अनंतभट्ट नावाचे ब्राह्मण चोखोबांचे अभंग लिहून घेत. ज्या काळात सावलीचा विटाळ मानीत, त्या काळात एका ब्राह्मणाने महाराच्या मुखातील शब्द कागदावर उतरवावे ही मोठी धैर्याची गोष्ट होय. त्यानंतर वारकऱ्यांच्या पाठांतराने आणि फडांवरच्या वह्यांनी ते जपले. पुढे छापखाने आल्यावर सकल संतांच्या गाथेत त्यांना स्थान मिळाले.

येथे अभंगाची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव घालतो. तिला नाममुद्रा म्हणतात. कागदावर जशी सही आणि शिक्का, तशी अभंगाला नाममुद्रा. त्या वेळी महाराच्या शब्दाला कोणत्या सभेत वजन होते? परंतु अभंग म्हणणारा कोणीही असो, तो ब्राह्मण असो, वतनदार असो की सावकार, चोखोबांचे नाव उच्चारल्याशिवाय त्याला अभंग पुरा करता येत नाही. ज्यांना चोखोबांची सावली चालत नव्हती त्यांच्या जिभेवर चोखोबांचे नाव बसले. सोयराबाई तर आपल्या नाममुद्रेत नवऱ्याच्या आणि जातीच्या नावानेच स्वतःची ओळख देतात. जे नाव हिणवण्यासाठी वापरले जाई तेच त्यांनी अभंगाच्या शेवटी मानाने ठेवले.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू होते. ठरल्या रिवाजाप्रमाणे महारांना त्या कामावर लावण्यात आले. चोखोबांनाही जावे लागले. संत म्हणून त्यांची कीर्ती झाली होती, तरी वेठीतून सुटका नव्हती. काम चालू असता बांधकाम कोसळले आणि चोखोबा अन्य मजुरांसह दगडमातीखाली गाडले गेले. तो दिवस वैशाख वद्य पंचमीचा मानतात.

ही वार्ता पंढरपुरी पोचली तेव्हा नामदेवराय स्वतः मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे एकत्र झाली होती. त्यांतून चोखोबांची हाडे कोणती हे ओळखावे कसे? कथा अशी आहे की नामदेवांनी एक एक अस्थी उचलून कानाशी लावली आणि जिच्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून बाजूला ठेवली. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ते कुसू बांधण्याचा हुकूम देणाऱ्याचे नाव आज कोणी घेत नाही. ज्यांनी आपल्या रक्षणासाठी ते बांधवून घेतले तेही गेले. त्या कुसवाखाली मेलेल्या मजुराचे नाव मात्र रोज हजारो मुखांतून निघते.

तरीही दार उघडायला सहाशे वर्षे लागली. चोखोबांचे अभंग आत गाभाऱ्यापर्यंत गायले जात आणि चोखोबांचे जातभाई बाहेर उभे असत. अखेर पूज्य साने गुरुजींनी यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभले. १० मे रोजी त्यांचे उपोषण सुटले आणि विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसऱ्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे कलम १७ अन्वये जाहीर केले. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधी बांधव त्यांच्यामागे गेले. शतकानुशतके दाराशी थांबवलेल्यांनी अखेर दुसरी वाट धरली, यात त्यांचा दोष कोणी काढू नये. आपण त्यांना किती काळ थांबवले, याचाच विचार करावा.

संतांचे काव्य हे मनोरंजनासाठी नाही, तसेच ते नुसते देवाची स्तुती करण्यासाठीही नाही. जगावे कसे याची ती शिकवण आहे. पंडितांचा ग्रंथ पढिकांसाठी असतो; अभंग सर्वांसाठी असतो आणि जो तो म्हणतो त्याच्याकडे तो हिशेब मागतो. चोखोबांचा अभंग टाळमृदंगाच्या गजरात म्हणायचा आणि घरी येऊन शेजाऱ्याचा पेला वेगळा ठेवायचा, हे चालणार नाही. असे करणाऱ्याच्या तोंडी तो अभंग असला तरी त्याला तो कळलेला नाही.

मंदिराचा जीर्णोद्धार हे गावाच्या ऐक्याचे काम असते. कोणी हजारांची देणगी देतो, कोणी एक पोते धान्य देतो, कोणी आठ दिवस अंगमेहनत करतो. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात, ते योग्यच आहे. परंतु पाया खणणारे, दगड डोक्यावरून वाहणारे, वाळू चाळणारे आणि परातीने चुना-सिमेंट चढवणारे हातही त्याच देवळाचे भागीदार असतात. चोखोबा अशाच हातांपैकी होते. गावाने कळसारोहणाच्या महाप्रसादाला एकच पंगत बसवावी, काकड्याला आणि हरिपाठाला प्रत्येक वस्तीतील माणसाला सन्मानाने बोलवावे, गाभाऱ्यापर्यंत सर्वांचे पाय सारख्याच हक्काने जावेत. असे झाले तरच या वास्तूचा जीर्णोद्धार झाला असे म्हणता येईल. एरवी दगड तेवढे नवे होतील.

पैलतीरावर चोखोबांनी लावलेल्या दीपमाळेचा उजेड नदी ओलांडून देवापर्यंत पोचला आणि आपल्यापर्यंतही पोचला आहे. त्या उजेडात आपण आपल्या मंदिराचे दार नीट पाहू या आणि ते सर्वांसाठी सदैव उघडे ठेवू या. श्री पांडुरंग आपणा सर्वांस तशी सद्बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरि ॥